झोंबणारा मध

धनुबाई "शाबास वं पोरी" म्हणाली आणि तापीच्या हातातली वाटी पडता पडता राहिली. या घरात तिला शाबासकी अशी कधी मिळालीच नव्हती. भाकरी केली तर ती कडक, नाहीतर कच्ची; चालली तर धपधप, नाहीतर चोरासारखी; आणि कुशीबद्दल तर आळीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालेलं. त्या सासूच्या तोंडातून शाबास निघावं, तेही भर सकाळी, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, नाक लाल झालेलं असताना, दोन्ही मुठींत लुगड्याचा पदर पिळत असताना! "आज खरा मध शे," धनुबाई दात आवळून म्हणाली. "कशी आग पडनी डोयामा! कोठे सापडना तुले?" तापी म्हणाली, "बाजारमा, आत्या." आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे बसली. आपल्याला हसू येतंय का रडू, हे तिला कळेना. वाटीत मध नव्हताच. वाटीत गांधी किराणावाल्याच्या दुकानातली काकवी होती आणि तिच्यात चुन्याची निवळी.

धनुबाईच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. आधी ब्राह्मणपुरीच्या शेतावर तिने दुसऱ्याच्याच मजुरणीला आपली समजून शिव्या दिल्या. मग नंदुरबारच्या घरी येऊन समईत तेल घालताना ते जमिनीवर ओतलं, आणि ओतून वर तापीलाच विचारलं, समई कुणी सरकवली म्हणून. सरकारी दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. तिथे डोळा कापून काढतात अशी तिची खात्री होती. वैद्यबुवांनी पापणी वर करून पाहिली आणि सांगितलं, सातपुड्यातला कच्चा मध आणा, विस्तवावर न धरलेला, फडक्यातून गाळलेला. रोज सकाळी काडीने एकेका डोळ्यात एक थेंब. उंबरा ओलांडताना ते एवढं बोलले, "झोंबेल हां. खरा असेल तर झोंबेलच." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. वैद्यबुवा गेले, ते वाक्य मात्र घरात मुक्कामाला राहिलं. धनुबाईला औषधातलं काही कळत नव्हतं, झोंबण्यातलं सगळं कळत होतं. झोंबल्याशिवाय गुण येत नाही, हीच तिची जन्मभराची समजूत. मुलगा, सून, बैल, सालदार, सगळ्यांवर तिने हेच औषध चालवलं होतं. आता स्वतःवर चालवायला ती मागे हटणार नव्हती, आणि हे तिचं कौतुक करायला हवं असं तापीलाही कधीकधी वाटे.

मग मधाची शोधाशोध सुरू झाली. नंदुरबारला स्टेशन होतं, कापसाच्या जिन होत्या, संध्याकाळी कंदील लावायला म्युनिसिपालटीचा माणूस येत होता, सुरतेच्या गाडीने लढाईतही बिस्किटं येत होती; खरा मध तेवढा नव्हता. साखर कंट्रोलात गेल्यापासून ज्याच्या त्याच्या बरणीत काकवी. गांधी पळीने धार सोडून दाखवायचा, "असल माल छे, बेन," आणि धार खरंच सोन्याच्या तारेसारखी दिसायची. पण घरी येऊन तिचा थेंब डोळ्यात गेला की धनुबाई नुसती बसून राही. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलत नसे. मग सावकाश म्हणे, "हाऊ मध नही. तुन्हा बापनी काकवी धाडी का व?" एकदा तिने वाटीच तापीच्या डोक्यावर उपडी केली. केसांतून काकवी कानामागे उतरली, पोलक्यात गेली, आणि अंघोळ करूनही अंथरुणात मुंग्या येत राहिल्या. आळीतल्या बायकांकडे मधाच्या परीक्षा पुष्कळ होत्या. वात बुडवून पेटवून पाहा म्हणे. माशी बुडवून पाहा, उडाली तर खरा म्हणे. कुत्र्यापुढे धर, कुत्रं खऱ्या मधाला तोंड लावत नाही म्हणे. आळीतल्या कुत्र्यांनी सगळ्यांचाच मध चाटला. तापी डोक्यावरचा पदर पुढे ओढून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडली, हलवायाकडे गेली, तेल्याकडे गेली, जिनामागच्या वडावर मोहोळ लागलंय असं ऐकून तिथेही गेली. तिथे नुसता धूर होता आणि चिरडलेल्या माश्या. घरी परतताना तिचे पाय दुखत नव्हते, तिचा अपमान दुखत होता. मध मिळत नाही हा गावाचा दोष, गांधीचा दोष, लढाईचा दोष. सोसायचा मात्र तिने.

आणि हे सगळं कशासाठी, तर धनुबाईला पुन्हा दिसावं म्हणून. धनुबाईला दिसावं कशासाठी, तर तापीच्या उरावर जी सवत आणायची ती तिला उजेडात बसवून पारखता यावी म्हणून. यात लपवाछपवी काही नव्हती. धनुबाई हे जेवताना बोलायची, तापी वाढत असताना. तापीला मूल नव्हतं आणि तिचा नवरा भिकन एकुलता एक होता. जिनात कारकून, महिन्याचा पगार, वर ब्राह्मणपुरीची जमीन. त्याला दुसरी बायको मिळायला वेळ लागला नसता. वेळ लागत होता तो एवढ्याचसाठी, की डोळे साफ झाल्याशिवाय धनुबाई मुलगी ठरवायला तयार नव्हती. तापीच्या वेळी धनुबाई तापाने फणफणली होती, म्हणून तिची नणंद जाऊन मुलगी पाहून आली होती. तो दिवस तापीला लख्ख आठवत होता. नणंदेने तिला ओट्यावर उन्हात बसवलं, सुईत दोरा ओवायला लावला, चालायला लावलं, ओंजळ उघडायला लावली, हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे फिरवलं आणि दात पाहिले. मग शेवया खाऊन गेली आणि धनुबाईला सांगितलं, पोर गोरीपान शे. मांडवात धनुबाईने अंतरपाटाच्या बाजूने वाकून पाहिलं तेव्हा तिच्या तोंडाची जी रया गेली, ती तापीने पदराआडून पाहिली होती. लग्नाची आठवण काढायची म्हटलं की तिला नवरा आठवत नसे, ते तोंड आठवे. "नणंदना डोयाघाई दखं न मी फसी गऊ," धनुबाई म्हणायची. "आते दखसू ते मन्हाच डोयाघाई." म्हणजे ज्या दिवशी डोळे निवळतील त्या दिवशी तापीचं या घरातलं बस्तान उठणार होतं. आणि ते निवळणारं औषध आणायचं तापीनेच. धनुबाईला यात काही वावगं दिसत नव्हतं. घरातली कामं घरातल्या बाईने नाही करायची तर कुणी?

मध विकणारा वाहरू तिला दिसला बाजाराच्या अगदी टोकाला, प्रकाशा गावाकडच्या रस्त्यावर, जिथे डोंगरातली माणसं डिंक आणि चारोळी पुढे घेऊन मुकाट बसतात. त्याच्यापुढे वाळल्या भोपळ्याची एक तुंबडी होती, तोंडाला पळसाच्या पानाचा बोळा. तापीने विचारलं, खरा आहे का, आणि आपल्यालाच आपलं हसू आलं. सगळ्या गावाला हाच प्रश्न विचारून झाला होता. वाहरूने तिच्याकडे पाहिलंही नाही. पानाचा बोळा काढून, त्याला चिकटलेलं तिच्यापुढे धरलं. "चाखी दख," म्हणाला. तिने बोट लावलं, बोट जिभेला लावलं. आधी गोड लागलं, मग घशात चरचरलं, आणि त्या चरचरण्यासरशी तिला तिचा बाप दिसला, बांधावरच्या बाभळीवर चढलेला, तोंडाला घोंगडी गुंडाळलेला. खाली उतरून त्याने पोळ्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडात कोंबला होता. मेण, मध, अळ्या, राख, सगळं एकदम. ओठ सुजून टम्म झाले होते आणि बाप तिच्या ओठांकडे पाहून खो खो हसत होता. बाप आता नव्हता, ती बाभळही नव्हती. बाजाराच्या टोकाला बोट तोंडात घालून उभी राहिलेली ती बाई लोकांना कशी दिसत असेल, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिने तुंबडी घेतली आणि पदराआड धरून घरी आणली. आता तरी शिव्या थांबतील, एवढाच तिच्या मनात आनंद होता. मध खरा असला तर दुसरंही काही होईल, हा विचार वाटेत तिला शिवलाही नाही.

मध खरा होता. धनुबाई किंचाळली, मांडीवर थापट्या मारत बसली, आणि थोड्या वेळाने समाधानाने म्हणाली, "हं." शाबास म्हणाली नाही, नुसतं हं. पण रोजच्या रोज मध पडू लागला आणि शिमगा होतो न होतो तोच एका सकाळी डोळे पुसता पुसता ती थांबली. मान वाकडी करून तापीकडे बघत राहिली. "तुन्हा लुगडाले दंड घालेल शे ना व?" म्हणाली. लुगडं फाटलं म्हणून मधला भाग काढून तापीने दोन टोकं जोडली होती. त्या दंडावर पांढरी शिवण होती. ती शिवण म्हातारीला दिसली होती. त्या दिवशी धनुबाईने अंगणातल्या मिरच्या निवडल्या, कोंबडी ओळखली, आणि संध्याकाळी भिकन जेवायला बसल्यावर खापर गावच्या उखाच्या मुलीची गोष्ट काढली. आई नसलेली पोर, बापाने लग्न लांबवलेलं, अठरा वर्षांची होऊन घरात बसलेली, आणि दुसरेपणाला द्यायला बाप तयार. "आते मले दिसाले लागनं," धनुबाई म्हणाली, "आमुशा सरू दे, लई येऊत पोरले दखाले." भिकन वरणात भाकरी कुस्करत होता. "माय सांगस तसं," एवढंच म्हणाला, आणि तापीकडे वाटी सरकवली, अजून वरण वाढ म्हणून. तो वाईट माणूस नव्हता. वाईट होण्यासाठीही काहीतरी ठरवावं लागतं, आणि भिकनने जन्मात काही ठरवलं नव्हतं. तिने वरण वाढलं. रडायला हवं होतं तेव्हा तिला नुसती चीड आली, त्या तुंबडीची. कशाला मेली खरी निघाली!

चुन्याचं तिने काही योजून केलं असं म्हणता येणार नाही, आणि योजलं नव्हतं असंही नाही. भिकनचं मनगट जिनात गाठोडं ओढताना मुरगळलं होतं, म्हणून ती तळहातावर गूळ आणि चुना कालवत होती. सगळ्या घरांतून लावतात तोच लेप. कालवता कालवता तो तापला, हाताची कातडी चुरचुरायला लागली, आणि भिकनला लेप लावून ती हात धुवायला न उठता तशीच बसून राहिली. तळहाताकडे बघत राहिली. मग तुंबडी उचलून धान्याच्या कणगीमागे सरकवली, बरणीतली काकवी वाटीत घेतली, आणि पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली. काकवी आंधळं करत नाही, झोंबतही नाही. म्हातारीला झोंबायला हवं. मग झोंबू दे. इतकं सरळ ते तिला वाटलं. थेंब आत गेला, धनुबाई बसल्या जागी ताठ झाली, तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि त्यानंतर ते शाबास आलं.

त्या शाबासची तिला चटक लागली. हे कबूल करायला तिला लाज वाटे, पण सकाळ व्हायची तिला घाई होई. पूर्वी कोंबडा आरवला की अंगावर काटा यायचा, आता ती कोंबड्याच्या आधी उठून वाटी तयार ठेवी. धनुबाई आळीतल्या बायकांना सांगायची, "मन्ही व्हऊनी सारं गाव धुंडं, तवय मध सापडना." व्हऊ म्हणायची, वांझ नव्हे! एकदा तर जेवताना आपल्या ताटातला वड्याचा तुकडा मोडून तापीच्या पानात टाकला. तापीने तो खाल्ला, आणि त्या दिवशी वाटीत निवळी जरा जास्तच घातली. प्रेमाने घातली, असं कुणी म्हणालं असतं तर ते खोटं झालं नसतं. म्हातारीचं डोकं मांडीवर घ्यायचं, पापणी अंगठ्याने वर ताणायची, काडी टेकवायची, आणि मग त्या तोंडाचं काय काय होतं ते बघत राहायचं. लग्नाच्या मांडवात वाकून आपल्याला नापसंत केलेलं ते हेच तोंड. आता ते तिच्या मांडीवर आक्रसत होतं, सुटत होतं, पुन्हा आक्रसत होतं. सगळ्या दिवसात ती तेवढीच वेळ तिची स्वतःची होती. वैद्यबुवांनी एक थेंब सांगितला होता. ती दुसरा घाली. मग स्वयंपाकघरात येऊन कणगीमागून तुंबडी काढी आणि खरा मध बोटाने चाटी. घसा चरचरे. बापाचं हसू कानात येई. एकदा मात्र तिचा हात थांबला होता. धनुबाई कळवळून "माय व" म्हणाली. शिवी म्हणून नव्हे. सुरकुतलेली म्हातारी मेलेल्या आईला हाक मारत होती. काडी तशीच हवेत राहिली. तेवढ्यात मांडीवरून आवाज आला, "थांबनी काबर? टाक ना. वांझना हात बी थरथरस का?" तापीने टाकला.

डोळे गेले ते कधी, हे तापीला सांगता आलं नसतं. बुबुळं आधी लाल झाली, मग दुधाळ, मग त्यांच्यावर साय धरल्यासारखं झालं. वैद्यबुवांना बोलवू का, असं भिकनने एकदा विचारलं, तर धनुबाई त्याच्यावर खेकसली, "मले दिसी ऱ्हायनं. वैदले काय करानं?" मध खरा होता, आग खरी होती, मग दिसणंही खरंच असलं पाहिजे. अर्ध्या गावाला सांगून झाल्यावर आता माघार कशी घ्यायची? ती उजेडाकडे तोंड करून बसे आणि उन्हाने कातडी तापली की म्हणे, आज ऊन कडक शे. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखी आणि त्याच्या पागोट्याबद्दल काहीतरी बोले. तापीने खेळ सुरू केला. पाण्याचा लोटा रोजच्या जागेवरून वीतभर सरकवून ठेवी आणि दारात उभी राहून बघत राही. म्हातारीचा हात जमिनीवर फिरे, चाचपडे, सुपाला लागे, पुन्हा फिरे, आणि लोटा सापडल्यावर ती मोठ्याने म्हणे, "मीच आठे ठेवा व्हता." कुणाला सांगत होती? तापीला वाटे, हिला कळलंय. मी दारात आहे हे कळलंय, लोटा मी सरकवते हे कळलंय, वाटीत काय आहे तेही कळलंय. मग वाटे, छे, कळलं असतं तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं. दोघी एकमेकींशी पूर्वीपेक्षा गोड बोलत होत्या. भिकनला घरात शांतता वाटत होती आणि तो जिनातून वेळेवर घरी यायला लागला होता. तापी मनाशी म्हणायची, डोळे नाहीत म्हणजे सवत नाही. एवढ्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती.

पण ज्याला दिसतंय त्याने मुलगी पाहायला नको का? धनुबाईने स्वतःच निरोप धाडला. आता पाहणं टाळलं तर आंधळी ठरते, म्हणून धाडला. उखा खापरहून मुलीला आणि एका काकूला घेऊन दुपारी दाराशी उतरला. मुलगी वाकूनच आत आली, खालमानेने, आणि दारात पहिले पाय दिसले ते तापीचे. तिने त्यांवर डोकं ठेवलं. "आत्या," म्हणाली. काकू मागून फिसकारली, "ती नही व, ती पहिली शे!" मुलीचं तोंड काळवंडलं. काळवंडायला त्यात जागा तशी थोडीच होती. ती तापीपेक्षाही दोन बोटं काळी होती, खांदे पडलेले, डोळे हरणासारखे नव्हेत तर मार खाल्लेल्या कुत्र्यासारखे. तापीला आधी राग आला. आपण सासू दिसतो? इतकं वाळलो? आणि रागाच्या मागोमाग अंगात काहीतरी ऊन ऊन पसरलं. तिच्या पायांवर आजवर कुणी डोकं ठेवलं नव्हतं. पावलांना त्या मुलीचं कपाळ लागलं होतं, घामेजलेलं, घाबरलेलं, आणि ते कपाळ उचललं गेल्यावरही पावलांना ते जाणवत राहिलं. धनुबाई ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसली होती. "ये व, मन्हापुढे बठ," म्हणाली. तिने मुलीची हनुवटी धरली, डावीउजवीकडे फिरवली, दातांवरून अंगठा फिरवला, दंड चाचपले, पंजे उलटेसुलटे केले. पारखणाऱ्या सगळ्याच सासवा हात लावतात. कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मुलगी सुईत दोरा ओवायला लागली तेव्हाच धनुबाई "बरं, बरं" म्हणाली. मुलीच्या हातून दोरा दोनदा चुकला होता आणि सुई अजून रिकामीच होती. काकूने चमकून पाहिलं. "उन्हात डोळे दिपतात त्यांचे," तापी चटकन पुढे होऊन शुद्ध मराठीत म्हणाली, कचेरीवाल्यांच्या बायका बोलतात तशी. आपण हिला सावरलं का, हे तिलाच समजलं नाही.

पोहे आणायचं निमित्त करून धनुबाई तापीमागोमाग भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात आली. दार लोटलं. हात पुढे करून तापीचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. बोटं गार पडली होती. मग एकदम हळू म्हणाली, "कशी शे व?" तापीने त्या दुधाळ डोळ्यांत पाहिलं. असा प्रश्न विचारताना म्हातारीला काय झालं असेल ते तिला कळत होतं. आता वाटेल ते सांगता येत होतं. तिरळी आहे म्हण, पाय ओढते म्हण, कपाळावर कोड आहे म्हण. उखा पोहे खाऊन परत जाईल. मग दुसरी येईल. तिसरी येईल. एखादी गोरी, धीट, भावांच्या बळावर बोलणारी येईल आणि तापीला कणगीमागे निजवील. आणि हे डोळे? आज काकूने चमकून पाहिलं, उद्या भिकन पाहील, वैद्यबुवा सायकल टेकवून आत येतील, पापणी वर करतील, वाटीचा वास घेतील. कुणाच्या हाताने डोळे गेले ते कुणीतरी विचारणारच होतं. बाहेर ओट्यावर ती मुलगी रिकामी सुई धरून बसली असेल. तापीच्या मनात तिच्याबद्दल दया आली, खरी दया आली, आणि ती दया पुढे जाऊन कुठे थांबली हे पाहून तिचं तिलाच नवल वाटलं. "चांगली शे, आत्या," ती म्हणाली. "गोरी?" धनुबाईने विचारलं. "गोरीपान शे." मनगटावरची बोटं सैल पडली. धनुबाईने उसासा सोडला, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "मले पोर पसंत शे."

लग्न झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लढाईमुळे माणसं थोडी बोलावली, तापीने पुरणाचा घाट घातला, हळद कुटली, मांडवात पुढे होऊन सवतीला ओवाळलं, आणि आळीतल्या बायका म्हणाल्या, काय मन आहे बाईचं! उखाची मुलगी सिंधू चोरपावलाने घरात वावरू लागली. सासूची तिला इतकी भीती होती की नवी बांगडी वाजली तरी ती दचके. तापी तिच्याशी प्रेमाने बोले. कुठे काय ठेवलंय ते दाखवी, भाकरी जाड झाली तर आपण थापली असं सांगे. आणि हळद उतरते न उतरते तोच एका सकाळी तिने सिंधूला हाक मारून वाटी तिच्या हातात दिली. "आत्याना डोयामा मध टाकाना शे. रोज मी टाकस. आजपाईन तू," म्हणाली. "तेवढाच तुन्हा हात त्यास्ले लागी." सिंधूने विचारलं, झोंबेल का? "झोंबी. खरा शे, ते झोंबीच." त्या सकाळी वाटीत काकवी नव्हती, निवळी नव्हती. कणगीमागच्या तुंबडीत उरला होता तेवढा मध होता, कच्चा, फडक्यातून गाळलेला, वैद्यबुवांनी सांगितला होता अगदी तसा.

सिंधूने म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. तापी चौकटीला टेकून उभी राहिली. भिकन अंगणात दात घासत होता. पहिला थेंब पडला. धनुबाई हलली नाही. दुसरा पडला. काही झोंबलं असेल तर थोडंच, कारण झोंबायला आत काही शिल्लक नव्हतं. मांडीवर ते तोंड स्थिर राहिलं, काहीतरी मोजत असल्यासारखं, आणि तापीला वाटलं, आता म्हणेल, हाऊ मध नही. धनुबाई दोन्ही हात टेकून उठून बसली आणि तिने हंबरडा फोडला. "काय टाकं व हाई पोरनी? मन्हा डोया जायी टाकात! कालदिनलोंग मले दिसे! भिकन, मले काहीच दिसत नही रे!" भिकन तोंडात राखुंडी तशीच घेऊन धावत आला. सिंधूच्या हातातली वाटी कलंडली, मध तिच्या हिरव्या लुगड्यावर सांडला. "मी काही नही… वाटी तर मोठी बाईनीच…" ती म्हणत होती. धनुबाईने तोंड वळवलं. सिंधूकडे नाही, मुलाकडे नाही. चौकटीत तापी जिथे उभी होती बरोबर तिथे वळवलं, आणि आवाज खाली आणून, जवळच्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तापी, तू दखं ना व? हाईनी टाकं ना?"

सगळे तापीकडे बघत होते. सिंधूही.

"व्हय आत्या," तापी म्हणाली. "मी दखं."

भिकनने सिंधूचा दंड धरून तिला ओढून उभी केली. आळीत आवाज जाऊ नये म्हणून तापीने पुढे होऊन दार लोटून घेतलं.